विनोबांची चाल

येत्या ११ सप्टेंबरला आचार्य विनोबा भावे यांची जयंती. पनवेलहून कर्नाळा ओलांडून पेण तालुक्यात शिरलं की गागोदे नावाचं गाव लागतं. तिथे १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. भूदान, गीताई, गीता-प्रवचने, गांधीजींचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही अशी त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून आपल्याला झालेली असते. आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढण्याचं कारण वेगळं आहे. प्रकृतीने अशक्त, पोटाचा जुना विकार असलेला हा माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर सलग तेरा वर्षं चालला आणि देशभरात पन्नास हजारांहून अधिक किलोमीटर पायी हिंडला.

वजन वाढलेल्या स्त्रिया दवाखान्यात नेहमी एक प्रश्न विचारतात. डॉक्टर, चालून काही होतं का, की धावायलाच हवं? अनेकींनी कुणाचं तरी ऐकून धावायला सुरुवात केलेली असते आणि पंधरा दिवसांत गुडघा धरून ती बंदही केलेली असते. त्यानंतर चालणंही सुटतं. या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर आहे, आणि विनोबांच्या आयुष्याच्या सोबतीने ते समजायला सोपं जातं.

मोजून खाणारे आजोबा, भटकणारा नातू

विनायक नरहरी भावे हे त्यांचं मूळ नाव. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत, त्यामुळे लहानपणीची पहिली वर्षं गागोद्यात आजोबा शंभूराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेली. आजोबा चांद्रायण व्रत करत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेनंतर एकेक घास कमी करायचा. धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी त्यात एक शिस्त दिसते. आज आपण किती घेतलं आणि काल किती घेतलं होतं याचं भान ठेवायचं, वाढ किंवा घट एका झटक्यात करायची नाही. नातवाने पुढे आयुष्यभर खाण्यात आणि श्रमात हीच शिस्त पाळली.

१९०५ च्या सुमारास कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे विनायकाला दोन नाद लागले, वाचनाचा आणि भटकण्याचा. मित्रांना घेऊन तो मैलोन्मैल चालायचा. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथून त्याच वर्षीच्या ७ जूनला तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला.

आजारपणाची रजा आणि चारशे मैल

आश्रमात आल्यावर वर्षभरातच प्रकृती ढासळली. १९१७ साली विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. हेतू दोन होते, वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास आणि प्रकृतीची सुधारणा. प्रकृतीसाठी त्यांनी जे केलं ते आजच्या डॉक्टरनेही कागदावर लिहून द्यावं असं आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणं. मग जात्यावर सहा ते आठ शेर दळण. त्यानंतर रोज तीनशे सूर्यनमस्कार. याशिवाय गावोगाव प्रवचनं देत, किल्ले पाहत त्यांनी सुमारे चारशे मैलांची पायपीट केली. वर्ष संपलं त्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे आश्रमात हजर झाले.

क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवात चालण्याने झाली, ताकदीचं काम त्यानंतर आलं आणि पूर्ण शरीराचा जोराचा व्यायाम सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा असतो. पहिल्याच सोमवारी धावणं, दोरीवरच्या उड्या, शंभर सूर्यनमस्कार आणि दुसऱ्या सोमवारी अंगदुखीची गोळी.

कोठडीतली सावकाश पावलं

पुढे विनोबांना अनेकदा तुरुंगवास घडला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, हे सर्वांना माहीत आहे. एका तुरुंगवासात त्यांना काही दिवस एकट्याला कोठडीत ठेवलं होतं. खोली जेमतेम आठ-नऊ फुटांची, वाचायला काही नाही, लिहायला काही नाही. विनोबांनी दिवसाचं वेळापत्रक आखलं आणि त्यात आठ तास चालण्याला दिले. भजनं गुणगुणत, ताशी दीड मैलाच्या संथ गतीने, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दिवसाकाठी किमान दहा मैल होत.

ताशी दीड मैल म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर. भाजी घेऊन घरी येणारी बाई याहून भरभर चालते. पण त्यांचं अंतर भरलं ते गतीने नव्हे, वेळेने. वजन जास्त असलेल्या व्यक्तीने हे मनात पक्कं धरावं, कारण शरीर खर्चाचा हिशोब मुख्यतः दोन गोष्टींवर करतं. किती वजन हललं आणि किती दूर हललं. गतीचा नंबर त्यानंतर लागतो.

चालणं आणि धावणं, एक हिशोब

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. त्या पायावर शरीर घड्याळाच्या उलट्या लंबकासारखं पुढे झुलतं. वर जाताना साठलेली ऊर्जा खाली येताना थोडी परत मिळते, म्हणून चालणं स्वस्त पडतं. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. प्रत्येक पावलाला शरीर उचलावं लागतं आणि खाली येताना झेलावं लागतं. त्यामुळे नेहमीच्या गतीने चाललेल्या एका किलोमीटरपेक्षा धावलेला एक किलोमीटर महाग पडतो.

८० किलो वजनाची स्त्री ताशी पावणेपाच-पाच किलोमीटर गतीने तासभर चालली तर विश्रांतीचा खर्च धरून तिचे साधारण २८० उष्मांक, म्हणजे कॅलरी, खर्च होतात. तीच स्त्री ताशी आठ किलोमीटरने तासभर धावली तर सुमारे ६६० होतील. दर किलोमीटरला चालण्याचे साठाच्या आतबाहेर, धावण्याचे ऐंशीच्या आसपास. कागदावर धावणं जिंकलं.

पण ८० किलोची, व्यायामाची सवय नसलेली स्त्री तासभर धावू शकते का? बहुतेकींना पाच-सहा मिनिटांत धाप लागते. सहा मिनिटं धावून ती बसली तर ६५ उष्मांक गेले. अर्धा तास बोलत बोलत चालली तर १४० गेले, आणि उद्या पुन्हा चालायला ती तयार आहे. खरा सामना एका तासाचा नसतो, वर्षभराचा असतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. ५० किलोची स्त्री त्याच गतीने तासभर चालली तर तिचे सुमारे १७५ उष्मांक खर्च होतात. म्हणजे वजनदार स्त्री तेवढ्याच चालण्यात दीडपटीहून अधिक काम करत असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात स्थूल आणि सर्वसाधारण वजनाच्या स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास झाला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांनी आपखुशीने निवडलेली गती जवळपास सारखी, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास निघाली. मात्र त्या चालीसाठी सर्वसाधारण वजनाच्या स्त्रियांना आपल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३६ टक्के श्रम पडत होते, तर स्थूल स्त्रियांना ५१ टक्के. एकीला जे फिरणं वाटतं, तो दुसरीला चांगला व्यायाम असतो. तलावाकाठी जाड बाईला घाम आलेला पाहून हसणाऱ्यांना हे माहीत नसतं. दुर्दैवाने तिलाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरा मुद्दा गुडघ्याचा. चालताना पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाहून थोडाच जास्त दाब परत येतो. धावताना तो दुपटी-तिपटीपर्यंत जातो. ८० किलोच्या देहाला प्रत्येक पावलागणिक १६० ते २४० किलोंचा धक्का. गुडघ्याची झीज आधीच सुरू झाली असेल, मांडीचे स्नायू कमजोर असतील, तर हा धक्का सांध्याला सोसत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. वजन एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसाची हजारो पावलं धरली तर ही सवलत किती मोठी आहे ते कळेल.

पवनारची कुदळ

विनोबांच्या आयुष्यातला पुढचा प्रसंग वजनाचाच आहे, पण उलट्या दिशेचा. १९२१ पासून ते वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळत होते. सूतकताई, शिकवणं, गावोगावची कामं या सगळ्यात स्वतःच्या देहाकडे दुर्लक्ष झालं आणि १९३८ साली वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोंवर आलं. थंड हवेच्या ठिकाणी जावं असं सुचवण्यात आलं. विनोबा वर्ध्याजवळच धाम नदीकाठी पवनारला जाऊन राहिले. सगळी कामं आणि चिंता मनातून उतरवून ठेवायच्या असं ठरवूनच त्यांनी नदी ओलांडली. तिथे त्यांनी जमीन खणायला घेतली. सुरुवातीला अगदी थोडा वेळ, मग रोज जरा जास्त. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं.

श्रम केले आणि वजन वाढलं! हे ऐकून वजन कमी करू पाहणारी वाचक दचकेल. पण यात विसंगती नाही. श्रमाने स्नायू मागणी करतात, भूक लागते, झोप लागते, मन निवांत होतं. ज्याच्या अंगात कमी आहे त्याचं भरून येतं. ज्याच्या अंगात जास्त आहे त्याचं मात्र केवळ श्रमाने हवं तितकं उतरत नाही, कारण तीच भूक त्यालाही लागते. तासभर चालून विश्रांतीपेक्षा जादा खर्च होतात ते दोनशेच्या आसपास उष्मांक. एका वडापावात त्याहून जास्त असतात. म्हणून नुसतं चालून महिन्याला पाच किलो उतरतील अशी आशा कुणी लावली तर ती खोटी आहे. वजन उतरवण्याचं मोठं काम ताटात होतं. चालण्याने ते उतरलेलं टिकतं, आणि वजन हललं नाही तरी रक्तातली साखर, रक्तदाब, झोप आणि हृदय सुधारतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणारीने एवढं लक्षात ठेवावं.

तेरा वर्षांची वाट

८ मार्च १९५१ रोजी विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाशी चर्चेसाठी दिल्लीचं बोलावणं आलं, तेव्हाही ते पवनारहून पायीच गेले.

दिनक्रम ठरलेला असे. पहाटे तीनच्या सुमारास उठणं, प्रार्थना, आणि उजाडण्याआधीच कंदिलाच्या उजेडात प्रस्थान. दिवसाला साधारण दहा मैल, ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठलेलं. कोठडीत संथ चालणारे विनोबा या रस्त्यावर झपझप चालत, बरोबरच्या तरुणांना त्यांना गाठताना धावावं लागे. देह तोच होता, गती मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने कमावलेली होती.

वैद्यकीय नजरेने पाहिलं तर त्यांनी चालण्याच्या बहुतेक गोष्टी बरोबर केल्या होत्या. वेळ थंडीची, अंतर बेताचं, रोजचं आणि नेमाचं. चालण्याला हेतू होता, त्यामुळे कंटाळा नव्हता. सोबत माणसं होती. आणि दिवसाचं चालणं एका दमात उरकल्यावर उरलेला वेळ विश्रांती, भेटी आणि वाचनाला मोकळा होता.

चुकाही होत्या, आणि त्या भक्तिभावाने झाकू नयेत. पोटात अल्सर असल्यामुळे त्यांचा आहार थोड्या थोड्या वेळाने घेतलेलं दूध-दही आणि असंच हलकं काही, फार तुटपुंजा होता. १९५२ च्या डिसेंबरमध्ये बिहारमधल्या चांडिलला त्यांना गंभीर मलेरिया झाला. आधी त्यांनी औषध नाकारलं, प्रकृती चिंताजनक झाली, आणि अनेकांच्या आग्रहानंतर त्यांनी ते घेतलं. बरे झाल्यावर यात्रा पुन्हा सुरू झाली. औषध घेतल्याने त्यांचं तप कमी झालं नाही, पुढची अकरा वर्षं मात्र मिळाली. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करून केवळ चालण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी चांडिलची ही आठवण ठेवावी.

१९५९ साली, वय त्रेसष्ट असताना, काश्मीरच्या यात्रेत त्यांनी तेरा हजार फुटांहून उंच अशी पीर पंजालची वाट पायी ओलांडली. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात बागी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवून गेले. १९६२ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातूनही ते चालले. १० एप्रिल १९६४ रोजी ते पवनारला परतले. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रं या चळवळीत मिळाली. त्यातली बरीच जमीन प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

बरोबरीने चाललेल्या स्त्रिया

या यात्रेत स्त्रिया होत्या, ही गोष्ट आपण विसरतो. महादेवीताई त्यांच्या आहाराची आणि प्रकृतीची काळजी घेत वर्षानुवर्षं बरोबर चालल्या. निर्मला देशपांडे १९५२ पासून यात्रेत आल्या आणि हजारो किलोमीटर हिंडल्या. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथल्या प्रेरणेने १९६७ मध्ये चार स्त्रियांनी लोकयात्रा सुरू केली आणि बारा वर्षं त्या देशभर पायी फिरल्या. साडी नेसून, साध्या चपला घालून, खेड्यापाड्यांतून. बाईने एकटीने रस्त्यावर चालणं आजही काही घरांत खटकतं. त्या काळात चौघी बारा वर्षं चालल्या, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे.

आज परिस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. शहरांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. पनवेलसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. दळण गिरणीत गेलं, पाणी नळाला आलं, कामाला जाणं लोकल आणि रिक्षाने होऊ लागलं. श्रम कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे, जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण त्या श्रमाची जागा कशाने तरी भरायला हवी.

आपण काय घ्यावं

वजन जास्त असलेल्या स्त्रीने चालण्यापासूनच सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं पुरेत. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. आठवड्याला किमान १५० मिनिटांपर्यंत पोचायचं, जमल्यास त्याहून पुढे. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, ही योग्य गती. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. गुडघा कुरकुरत असेल तर गती कमी ठेवा, वेळ वाढवा. थोड्याशा चढावर सावकाश चाललं तर सांध्याला फारसा त्रास न होता श्रम वाढतात. पायात मऊ तळव्याचे बूट असावेत, साडीवर बूट घालायला लाजू नये. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यासारखे मांड्यांचे व्यायाम करावेत.

धावणं निषिद्ध नाही. वजन उतरलं, मांड्या मजबूत झाल्या, तासभर भरभर चालणं सहज जमू लागलं की मध्येच एखादं मिनिट हलकं धावून पाहावं आणि हळूहळू वाढवावं. धावायची इच्छा झाली नाही तरी बिघडत नाही. छातीत दुखणं, दम लागून न ओसरणं, चक्कर, पिंढरीला सूज यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये.

आणि विनोबांचं अल्पाहारी जगणं मात्र उचलू नये. ते त्यांच्या आजाराशी आणि व्रताशी जोडलेलं होतं. डाळ, उसळ, दूध, अंडी, भाजी पोटभर, तळलेलं आणि गोड कमी, हा आपला मार्ग.

१९७० नंतर विनोबा पवनारलाच स्थिरावले. तिथेही ते आश्रमाच्या आवारातला पालापाचोळा वेचत, काडी काडी उचलत कितीतरी वेळ घालवत. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांचं निधन झालं. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिलं गेलं. वय सत्त्याऐंशी होतं. तरुणपणी ज्याला आजारपणाची रजा घ्यावी लागली, चाळिशीत ज्याचं वजन चाळीस किलोंवर आलं, त्या देहाने एवढी वर्षं साथ दिली. त्यातलं कमाईचं बरंचसं श्रेय रोजच्या, बेताच्या, न चुकलेल्या श्रमाला जातं. वडाळे तलावाला एक फेरी मारणं आपल्याला आज जमत असेल, तर आज एकच मारा. उद्या मात्र पुन्हा जा.